हरिभाऊ आपटे : माजघरात पोहोचलेले संपादक

८ मार्च हा महिला दिन म्हणून आता आपल्या सर्व भगिनींच्या परिचयाचा झाला आहे. याच तारखेला, १८६४ साली, खानदेशातील पारोळे या गावी हरि नारायण आपटे यांचा जन्म झाला. हा योगायोगच, परंतु मराठी स्त्रीच्या मनातले दुःख ज्याने प्रथम तिच्याच तोंडून घरोघर ऐकविले, त्या लेखकाचे स्मरण स्त्रियांच्या स्मरणिकेत व्हावे हे मला उचित वाटते. म्हणून भिंगारच्या माझ्या मैत्रिणींसाठी हे चार शब्द.

हरिभाऊंची आई त्यांच्या लहानपणीच गेली. पुढे त्यांचे चुलते, मुंबईचे प्रसिद्ध वकील महादेव चिमणाजी आपटे, यांच्या छायेत ते वाढले. संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनासाठी नावाजलेला पुण्याचा आनंदाश्रम याच चुलत्यांनी स्थापन केला आणि त्यांच्यामागे त्याची व्यवस्था हरिभाऊंनी पाहिली. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्यासारख्या गुरूंचा सहवास त्यांना लाभला. वाचन अफाट, संस्कृत व इंग्रजी उत्तम. गणिताने मात्र दावा साधला आणि पदवी काही हाती आली नाही. पदवी नसलेल्या या गृहस्थाला पुढे, १९१५ साली, मुंबई विद्यापीठाने मराठी भाषेवर व्याख्याने देण्यास बोलाविले, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगण्यासारखे आहे.

१८८५ साली ‘मधली स्थिती’ ही त्यांची पहिली कादंबरी ‘पुणेवैभव’ पत्रातून येऊ लागली. त्यापूर्वीच्या मराठी कादंबऱ्यांत राजपुत्र, राजकन्या आणि अद्भुत योगायोग यांचीच गर्दी फार. हरिभाऊंनी वाचकाला पुण्याच्या वाड्यांत आणि मुंबईच्या चाळींत आणून बसविले. परंतु त्यांचे खरे सामर्थ्य प्रकट झाले ते १८९० च्या ऑक्टोबरात. त्या महिन्यात त्यांनी ‘करमणूक’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. पुण्यात ‘केसरी’ होता, आगरकरांचा ‘सुधारक’ होता. वादांना तोटा नव्हता. पण ती पत्रे बाहेरच्या ओसरीवरच वाचली जात. माजघरात नेता येईल, आईला, बहिणीला वाचून दाखविता येईल, असे पत्र काढावे हा हरिभाऊंचा विचार. नाव साधे, करमणुकीचे. आत गोष्टी, चरित्रे, शास्त्रीय माहिती, कविता आणि कादंबरीचे चालू प्रकरण. हे पत्र त्यांनी पाव शतकाहून अधिक काळ चालविले. केशवसुतांसारख्या नव्या कवीलाही त्यात जागा मिळाली.

बंगालमध्ये बंकिमचंद्र चट्टोपाध्यायांनी १८७२ साली ‘बंगदर्शन’ मासिक काढून त्यातून आपल्या कादंबऱ्या क्रमशः दिल्या होत्या. कादंबरीकार आणि संपादक एकाच व्यक्तीत असले म्हणजे केवढे काम होते, ते तिकडे दिसले होते. मराठीत ते काम हरिभाऊंनी केले.

‘करमणूक’मधूनच ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी आली आणि १८९३ पर्यंत पूर्ण झाली. ते दिवस कसे होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. रखमाबाईंचा खटला नुकताच गाजून गेला होता. मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षे करणारा कायदा १८९१ साली झाला, तेव्हा पुण्यात केवढे रण माजले! पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८९० साली मुंबईहून पुण्यास आले. त्याच वर्षी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केस कापणार नाही असा निश्चय केला. बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडून लेख येत होते, सभा होत होत्या. जिच्याविषयी हे चालले होते, ती मात्र बोलत नव्हती.

हरिभाऊंनी तिलाच बोलते केले. यमुना स्वतःची हकीकत स्वतःच सांगते: भातुकली, सासर, सासूचा धाक, पतीने हौसेने शिकविलेले वाचन, मुंबईच्या लहानशा बिऱ्हाडातले चार सुखाचे दिवस. वाचणारीला ती आपल्याच आळीतली वाटू लागते. मग पती जातो आणि सासरी परत आल्यावर शंकरमामंजींसारख्या सोवळ्याच्या ढोंगामागे दडलेल्या माणसाच्या पुढाकाराने तिचे बळजबरीने केशवपन होते. त्या आघातातून ती सावरत नाही. लेखक मध्ये येऊन व्याख्यान देत नाही. आठवड्यामागून आठवडा ऐकलेल्या त्या आवाजाची सवय झालेल्या घराला तो आवाज थांबल्याचे कळते, एवढेच. मला वाटते, शंभर सभांनी झाले नसते ते याने झाले.

पुरुषाला हे कसे साधले? याचे एक उत्तर काशीबाई कानिटकर यांच्या स्नेहात आहे. काशीबाई स्वतः लेखिका. हरिभाऊंशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि स्त्रियांच्या अंतःकरणाची पुष्कळशी ओळख त्यांना त्यातून झाली.

माझ्या आजीची एक आत्या अलवणात होती. आजी तिच्याविषयी बोले तेव्हा तिच्या हाताच्या चवीचे वर्णन करी. तिचे नाव मात्र आजीला आठवत नसे. घरात सगळे तिला नुसते आत्याबाई म्हणत. यमुनेची हकीकत वाचताना मला त्या नाव हरवलेल्या आत्याबाईंची आठवण येते.

हरिभाऊंच्या सामाजिक कादंबऱ्यांतील घरे बहुतेक पांढरपेशी ब्राह्मणी आहेत, शेतावर राबणारी स्त्री तेथे फारशी दिसत नाही, ही उणीव मान्य केली पाहिजे. तरीही दुष्काळात होरपळलेल्या शेतकरी कुटुंबावरची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही त्यांची गोष्ट नगर जिल्ह्यातल्या माणसाने वाचलीच पाहिजे. आठवड्याच्या घाईत लिहिल्यामुळे पाल्हाळ झाला, ‘यशवंतराव खरे’सारखी कादंबरी अपुरी राहिली, हेही खरे.

‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’ या त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या तर पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या. ‘वज्राघात’ ही १५६५ सालच्या विजयनगरच्या नाशाची कथा. त्या युद्धात रामरायाविरुद्ध लढणाऱ्या सुलतानांपैकी हुसेन निजामशहा हा आपल्या नगरचा. आपल्या शेजारच्या भुईकोट किल्ल्याचे दगडी बांधकाम त्याच्याच काळातले. त्या तटावरून जाताना ही कादंबरी आठवावी.

लेखणीबाहेरही हरिभाऊ स्वस्थ बसले नाहीत. पुण्याच्या नगरपालिकेत त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, अध्यक्षपदही सांभाळले. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ३ मार्च १९१९ रोजी, वयाची पंचावन्न वर्षे पुरी होण्यास पाच दिवस उरले असता, पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

केशवपन गेले, अलवण गेले. परंतु कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या चाली बंद करण्याचा ठराव २०२२ साली करावा लागला, म्हणजे यमुनेनंतर जवळजवळ एकशेतीस वर्षांनी! ठराव दूरच्या गावाचा म्हणून आपण सुटत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणाकोणाला बोलवायचे, याची यादी आपणच करतो. त्या यादीत कोणाचे नाव नसते, हे आपल्याला पुरते ठाऊक असते. यंदाची यादी करताना ते नाव प्रथम लिहावे, तिला पुढच्या रांगेत बसवावे आणि वाण देताना हात आखडू नये, अशी माझी सर्व भगिनींना विनंती आहे. हरिभाऊंनी आपल्या कादंबरीच्या नावातच एक प्रश्न विचारून ठेवला आहे. त्याचे उत्तर देण्याची पाळी आता आपली आहे.