शेख-उर-रईस इब्न सीना आणि औषधाचं माप

आमच्या घरात थोरल्यांच्या गुडघेदुखीसाठी माजून सूरंजानची बरणी कायम असायची. झाडपाल्याचं औषध, त्याने काय नुकसान होणार, असं म्हणून कुणी चमचा भरून घ्यायचं, कुणी दोन. या सूरंजानबद्दल हजार वर्षांपूर्वी ज्यांनी लिहून ठेवलं, त्या इब्न सीना यांची जिंदगी आम्ही मुलांना सांगतो तेव्हा ही बरणी हमखास आठवते.

त्यांचा जन्म इ.स. 980 मध्ये बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावचा. दहाव्या वर्षी कुरआन पाठ. सतरा-अठराव्या वर्षी सामानी बादशाह नूह बिन मन्सूर यांच्या आजारपणात त्यांना बोलावलं गेलं आणि शाही कुतुबखाना त्यांच्यासाठी खुला झाला. या पोराने तिथली किताबं अक्षरशः चाटून पुसून काढली! पुढे राज्यं बदलली, गावं सुटली. हमदानमध्ये वजीर झाले, मग कैदेतही गेले. या सगळ्या धावपळीत ‘अल-कानून फित-तिब’ पाच भागांत लिहून झालं.

दुसरा भाग एकेरी औषधांचा. त्यात औषध कसं पारखावं याचे नियम आहेत. सूरंजान सांधेदुखीवर गुणकारी, पण मेद्याला वाईट, हे दोन्ही त्यांनी नोंदवलं. फायदा सांगून नुकसान लपवलं नाही, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते.

1820 मध्ये पॅरिसला पेलेतिए आणि कावांतू यांनी याच जातीच्या कंदातून कोल्चिसिन वेगळं काढलं. गाऊटमध्ये युरिक अॅसिडचे स्फटिक सांध्यात साचतात. त्यांच्यावर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तुटून पडतात, म्हणून सांधा लाल होतो, सुजतो. पेशीला हलायला आतले बारीक धागे लागतात. कोल्चिसिन ते धागे बांधूच देत नाही. पेशींची गर्दी थांबते, सूज उतरते. पण हेच धागे शरीरातल्या इतर पेशींनाही लागतात. म्हणून डोस थोडा वाढला की आधी जुलाब-उलट्या, आणि जास्त झाला तर जीवावर बेततं. कडू सूरंजान तर हकीम लोक पोटात देतच नाहीत, वरून लावायला ठेवतात.

आता शेवटचं. अमीर अलाउद्दौला यांच्या लष्करासोबत असताना इब्न सीना यांना कुलंज, म्हणजे पोटशूळ जडला. लवकर उठून उभं राहायचं म्हणून एका दिवसात आठ-आठ वेळा बस्ती घेतली. इतक्या मोठ्या हकीमाने स्वतःच्या बाबतीत अशी घाई करावी! त्यांचे शागिर्द जुझजानी लिहितात की त्यांनी दोन दानिक करफसचं बी घालायला सांगितलं होतं, इलाज करणाऱ्याने पाच दिरहम घातलं. सहा दानिकांचा एक दिरहम, म्हणजे पंधरा पट. ते चुकून की जाणूनबुजून, हे जुझजानींनाही कळलं नाही. वर पैशांची अफरातफर केलेल्या नोकरांनी त्यांच्या औषधात अफू भरपूर मिसळली.

तब्येत सावरली, पुन्हा बिघडली. हमदानला पोचल्यावर त्यांनी इलाज सोडून दिला. 1037 च्या रमजानमध्ये तिथेच इंतकाल झाला. मजारही तिथेच आहे.