पोटाचं कोडं सोडवायला कापडी पिशवी गिळणारे स्पॅलान्झानी

अन्न पोटात गेल्यावर नेमकं काय होतं? जठर ते जात्यासारखं दळतं, की जठरातला रस ते विरघळवतो? अठराव्या शतकात युरोपात यावर जोरदार वाद होता. तो मिटवायला एका धर्मगुरूंनी थेट कापडी पिशवी गिळली.

त्यांचं नाव लाझारो स्पॅलान्झानी. जन्म १७२९ चा, इटलीतल्या स्कँडियानो गावातला. बोलोन्याला ते गेले कायदा शिकायला. पण तिथे त्यांच्या नात्यातल्या लॉरा बासी भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. त्यांच्यामुळे स्पॅलान्झानी विज्ञानाकडे वळले. १७६९ पासून ते पाव्हिया विद्यापीठात शिकवू लागले.

याआधी फ्रान्सच्या रेओम्यूर यांनी घारीला धातूच्या नळीतून मांस गिळायला लावलं होतं. नळीमुळे मांसावर दाब पडला नाही, तरी ते विरघळलं. स्पॅलान्झानींनी हाच धागा पुढे नेला. टर्की पक्ष्यांच्या पोटात त्यांना उलटं दिसलं. तिथे पत्र्याच्या नळ्या चेपल्या आणि काचेच्या धारदार कडा बोथट झाल्या.

मग माणसाचं काय? तेव्हा एक्स-रे नव्हता. पिशवी आतड्यात अडकली असती, तर जीवच गेला असता. तरीही त्यांनी चावलेला पाव पिशवीत शिवून गिळला. २३ तासांनी पिशवी बाहेर आली. पाव गायब, पिशवी मात्र शाबूत! पुढे त्यांनी पातळ लाकडाच्या छिद्रं पाडलेल्या नळ्यांमधून मांस गिळलं. मांस विरघळलं, नळ्या फुटल्या नाहीत. म्हणजे माणसाच्या पोटात मुख्य काम रसाचं होतं. १७८० मध्ये त्यांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले.

या रसातलं आम्ल मात्र त्यांच्या नजरेतून सुटलं. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचं १८२४ मध्ये इंग्लंडच्या विल्यम प्राउट यांनी दाखवलं. स्पॅलान्झानी १७९९ मध्येच पाव्हियात वारले होते.

आज प्रश्न थोडा बदललाय. त्यांच्या पिशवीला दिवसभर टिकायचं होतं, आताच्या उपकरणांना कित्येक दिवस. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी हायड्रोजेलची गोळी बनवली. पोटात पाणी शोषून ती पिंगपाँगच्या चेंडूएवढी फुगते. जेल मऊ असतं, जठराच्या सततच्या दाबाने त्याचे तुकडे होऊ शकतात. म्हणून त्याला बाहेरून चिवट, सच्छिद्र आवरण दिलं. डुकरांच्या पोटात ती जवळपास महिनाभर टिकली.

पोटात सोडलेली वस्तू दाब आणि रस, दोन्हींपुढे तगते का? ही परीक्षा स्पॅलान्झानींनी स्वतःच्या पोटात घेतली होती.