ओपन स्पर्धेचे पितामह ओल्ड टॉम मॉरिस

गोल्फच्या प्रमुख स्पर्धांमध्ये ब्रिटनची ओपन स्पर्धा सर्वांत जुनी. तिच्या विजेत्याला मिळणारा चांदीचा सुरईवजा चषक, अर्थात क्लॅरेट जग, आज जगप्रसिद्ध आहे. मात्र प्रारंभी हा चषक नव्हता, लाल चामड्याचा चांदीजडित पट्टा होता. पट्टा जाऊन चषक आला तो एका कुटुंबामुळे, आणि त्या कुटुंबाचे प्रमुख होते टॉम मॉरिस.

१६ जून १८२१ रोजी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे एका विणकराच्या घरी त्यांचा जन्म झाला. अॅलन रॉबर्टसन हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ गोल्फपटू. त्याच्या हाताखाली टॉम यांनी चामड्याच्या आवरणात पिसे ठासून चेंडू बनविण्याची विद्या घेतली. (त्याच सुमारास, १८४५ मध्ये, मुंबईच्या गोल्फ मंडळींनी सेंट अँड्र्यूजच्या क्लबला रौप्यपदक भेट दिले होते, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.) पुढे गटापर्चाचा स्वस्त चेंडू आला. रॉबर्टसनला तो धंद्याचा शत्रू वाटे, टॉम यांना त्यात भविष्य दिसले. गुरुशिष्यांचे बिनसले आणि १८५१ मध्ये टॉम पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविकला मैदानाचे रखवालदार म्हणून गेले. तेथील १२ होलांचे मैदान त्यांनीच आखले.

१८५९ मध्ये रॉबर्टसनचे निधन झाले. आता श्रेष्ठ कोण, या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी १७ ऑक्टोबर १८६० रोजी प्रेस्टविकला आठ व्यावसायिक खेळाडू एकत्र आले. एका दिवसात तीन फेऱ्या झाल्या. विली पार्कने १७४ फटक्यांत त्या पूर्ण केल्या. टॉम यांना १७६ फटके लागले आणि घरच्या मैदानावर ते दुसरे आले. ही सल त्यांनी लवकरच भरून काढली. १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ अशी चार अजिंक्यपदे त्यांनी मिळविली. शेवटच्या वेळी त्यांचे वय ४६ होते. या स्पर्धेचा सर्वांत वयस्कर विजेता हा मान अद्याप त्यांच्याकडेच आहे. पैसा मात्र नगण्य होता. १८६४ च्या विजयाचे त्यांना सहा पौंड मिळाले, त्याआधी विजेत्याच्या हाती रोख काहीच पडत नसे.

१८६८ मध्ये त्यांना हरविले ते त्यांच्याच मुलाने. टॉमी तेव्हा अवघा १७ वर्षांचा होता. पुढल्या वर्षीही मुलगाच पहिला! १८७० मध्ये टॉमीने सलग तिसऱ्यांदा बाजी मारली. सलग तीन वेळा जिंकणाऱ्याकडे पट्टा कायमचा राहील, असा नियम होता. त्यामुळे पट्टा मॉरिस यांच्या घरी गेला आणि १८७१ मध्ये देण्यास काहीच नसल्याने स्पर्धाच झाली नाही. अखेर तीन क्लबांनी प्रत्येकी दहा पौंड घालून नवा चषक करविला. १८७२ ची स्पर्धाही टॉमीनेच जिंकली. चषक तोवर तयार नव्हता, तरी त्यावर पहिले नाव कोरले गेले ते त्याचेच. टॉम तोपर्यंत सेंट अँड्र्यूजला परतले होते. १८७३ मध्ये स्पर्धा प्रथमच प्रेस्टविकबाहेर पडली, ती त्यांच्या देखरेखीखालील याच मैदानावर.

सप्टेंबर १८७५ मध्ये नॉर्थ बर्विक येथे पितापुत्र पार्क बंधूंविरुद्ध खेळत होते. सामना संपत आला असताना घरून तार आली. टॉमीची पत्नी प्रसूतीच्या वेदनांनी अत्यवस्थ होती. रेल्वेने फार वेळ लागला असता, म्हणून दोघे नौकेने खाडी ओलांडून निघाले. ते घरी पोहोचण्यापूर्वीच पत्नी आणि नवजात बाळ दोघेही गेले होते. त्या वर्षीच्या नाताळच्या दिवशी टॉमीनेही प्राण सोडला. तो २४ वर्षांचा होता.

टॉम यांनी यानंतरही मैदान सोडले नाही. वाळू पसरून हिरवळ राखण्याची पद्धत त्यांनी रुजविली, रविवारी मैदानाला विश्रांती देण्याचा आग्रह धरला. म्युरफिल्डसह अनेक मैदानांची आखणी त्यांच्या हातून झाली. सत्तरी ओलांडल्यावरही ते ओपनमध्ये उतरत राहिले. पत्नी आणि सर्व अपत्ये त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. मे १९०८ मध्ये सेंट अँड्र्यूजमधील एका क्लबच्या जिन्यावरून पडून वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. तेथील जुन्या कॅथेड्रलच्या आवारात, टॉमीच्या स्मारकाजवळच, त्यांना दफन करण्यात आले.