थोरांची ओळख : आचार्य अत्रे



'श्यामची आई' हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. त्यावर चित्रपट काढणारे प्रल्हाद केशव अत्रे मुळात शिक्षक होते.

अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळील कोडीत या गावी झाला. पुण्यातील कॅम्प भागातल्या शाळेत ते मुख्याध्यापक होते. मुलांना गोडी लागावी अशी 'नवयुग वाचनमाला' त्यांनी तयार केली. पुढे त्यांची विनोदी नाटके गाजली आणि चित्रपटवाले त्यांच्याकडे कथा मागू लागले. मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेला 'ब्रह्मचारी' (१९३८) हा बोलपट अत्रे यांनीच लिहिला होता. पोकळ उपदेशाची त्यात केलेली थट्टा लोकांना फार आवडली.

१९४० साली त्यांनी 'नवयुग' साप्ताहिक काढले. पत्रकार झाले तरी चित्रपट सुटला नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'वर त्यांनी १९५३ मध्ये चित्रपट केला. वनमालाबाई आई झाल्या. नाचगाण्याचा थाट नसलेली ही कोकणातल्या गरीब घराची गोष्ट. पण राष्ट्रीय पुरस्कार पहिल्यांदाच दिले गेले तेव्हा, १९५४ साली, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले ते याच मराठी चित्रपटाला! त्यांच्या 'महात्मा फुले' या चित्रपटालाही पुढे रौप्यपदक मिळाले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्ये झाली. आपल्या जिल्ह्यातील राजुरा व किनवट हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, तर आदिलाबाद आंध्र प्रदेशात आले. २०१४ पासून आपण तेलंगणात आहोत. त्याच महिन्यात, १५ नोव्हेंबरला, अत्रे यांनी 'मराठा' दैनिक सुरू केले आणि मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी लेखणी व वाणी झिजवली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १३ जून १९६९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

वर्ग, पडदा आणि वर्तमानपत्र या तिन्ही ठिकाणी अत्रे सामान्य माणसाला समजेल असेच मराठी बोलले. महाराष्ट्रात मराठी दुकानाच्या पाटीवर आणि कचेरीतही भेटते. आपल्याकडे ती घरात आणि शाळेत जपली तरच राहील. तेलुगू, हिंदी, इंग्रजी अवश्य शिका. पण सुट्टीत एक मराठी पुस्तक पूर्ण वाचा. मोठ्या वर्गातील मुलांनी अत्रे यांचे आत्मचरित्र 'कऱ्हेचे पाणी' मिळवून वाचावे.