एका माजी विद्यार्थ्याचं कपाट

शाळेच्या ग्रंथालयाची आठवण लिहायला बसले आणि डोळ्यांसमोर आले सॅम्युअल पीप्स. ते आपल्या शाळेचे नव्हेत, केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजचे माजी विद्यार्थी. त्यांच्याबद्दल का लिहिते आहे, ते शेवटी कळेल.

१६३३ साली लंडनमध्ये एका शिंप्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. १६५४ मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढे इंग्लंडच्या आरमाराच्या कारभारात मोठ्या पदापर्यंत पोहोचले. जग त्यांना ओळखतं ते १६६० ते १६६९ या काळात लघुलिपीत लिहिलेल्या रोजनिशीमुळे. लंडनमधली प्लेगची साथ आणि १६६६ची भीषण आग तिच्यात दिसते. दृष्टी जाईल या धास्तीने त्यांनी ती लिहिणं थांबवलं.

पण त्यांचा जीव रमायचा संगीतात. ते गात, ल्यूट आणि व्हायल वाजवत, गाण्यांना चाली लावत. १६६६ साली काढून घेतलेल्या चित्रात त्यांच्या हातात स्वतःच्याच गाण्याचा कागद आहे.

त्यांच्या संग्रहात पंधराव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे. त्यात इंग्लंडच्या चर्चमध्ये गायल्या जाणाऱ्या शंभराहून अधिक रचना स्वरलेखनासह आहेत. सोळाव्या शतकात तिथे धर्म बदलला आणि अशी बहुतेक जुनी पुस्तकं नष्ट झाली. जी थोडी उरली, त्यांतलं हे एक.

१७०३ मध्ये पीप्स वारले. मरताना त्यांनी आपली ग्रंथसंपदा भाच्याकडे आणि त्याच्यानंतर कॉलेजकडे जावी अशी व्यवस्था केली. १७२४ मध्ये ३,००० पुस्तकं, त्यांच्या लाकडी कपाटांसकट, मॉडलिनमध्ये आली. अट कडक होती: एकही पुस्तक वाढवायचं नाही, एकही काढायचं नाही, अट मोडली तर सगळं शेजारच्या ट्रिनिटी कॉलेजला. आजही ती पुस्तकं उंचीनुसार लावलेली आहेत. बुटक्या पुस्तकांखाली लाकडी ठोकळे आहेत, म्हणजे रांग वरून सरळ दिसावी!

आता माझा कबुलीजबाब. दहावीच्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तालमीसाठी गाण्याच्या बाईंची हस्तलिखित वही मी ग्रंथालयातून घरी नेली. प्रार्थना, स्वागतगीतं, समूहगीतं, सगळ्यांची स्वरलिपी बाईंच्या टपोऱ्या अक्षरात. ती परत करायची राहून गेली. पुढे लग्न झालं, घरं बदलली, वही माझ्याबरोबर फिरली. दरम्यान बाई गेल्या. नंतरच्या मुलांना त्या चाली मिळाल्याच नाहीत, याला जबाबदार मी.

एका माजी विद्यार्थ्याने आपलं सगळं कॉलेजला देऊन टाकलं; मी तर शाळेचंच घेऊन बसले. मेळाव्याच्या दिवशी ती वही ग्रंथालयात जमा करते आहे. अट माझीही आहेच: कपाटात ठेवण्याआधी तिच्यातली प्रार्थना आपण सगळ्यांनी एकदा उभं राहून म्हणायची. चाल मला पाठ आहे.