विश्लेषण : कळंबच्या माळापासून बर्गरच्या चीजपर्यंत... वालचंद हिराचंद यांचे ‘सगळे आपल्याच हाती’ हे सूत्र मागे का पडले?

मॅकडोनाल्ड्सने १९९६ मध्ये भारतात पहिली दुकाने उघडली, तेव्हा बर्गरमध्ये घालायच्या चीजच्या चकत्या बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील डायनॅमिक्स डेअरीतून येत होत्या. बर्गर विकणाऱ्या कंपनीची बारामतीत ना गाय होती, ना गोठा, ना चीजचा कारखाना. त्याच बारामतीच्या शेजारी, इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. तेथे सुमारे ९० वर्षांपूर्वी एका उद्योजकाने नेमका उलटा विचार केला होता. जमीन आपली, ऊस आपला, कारखाना आपला आणि वसाहतही आपली, असा तो विचार होता. त्या वालचंद हिराचंद यांची ही कहाणी. खाद्यपदार्थांच्या धंद्यात नफा कोणाच्या हाती राहतो, हा प्रश्न तिच्यातून अधिक स्पष्ट होतो.

वालचंद हिराचंद कोण होते?

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. दोशी घराणे मूळचे गुजरातचे, धर्माने दिगंबर जैन. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा घरचा धंदा. जन्मानंतर काही दिवसांतच त्यांची आई वारली. शालेय शिक्षण सोलापुरात, पुढे मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज असा प्रवास झाला. पण शिक्षण अर्धवट सोडून ते घरच्या पेढीवर आले. पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमेना. ज्वारीच्या व्यापारात त्यांनी हात घातला आणि तोटा सोसला.

त्यांना खरी वाट सापडली ती रेल्वेच्या कंत्राटात. लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेतील कारकुनीचा अनुभव असलेले गृहस्थ त्यांचे भागीदार झाले. फाटकांकडे कामाची माहिती, वालचंद यांच्याकडे भांडवल उभे करण्याची ताकद. बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या कामापासून सुरुवात झाली आणि पुढे बोरघाटातील बोगद्यांपर्यंत मजल गेली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. माती, मजूर, यंत्रे आणि वेळ यांचा मेळ घालण्याचे जे शिक्षण या कंत्राटांत मिळाले, तेच पुढे साखरेच्या कामी आले.

साखरेकडे ते कसे वळले?

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव येथे १९२३ मध्ये त्यांनी सुमारे दीड हजार एकर पडीक जमीन घेतली. माळरान साफ करणे, पाणी आणणे आणि ऊस उभा करणे यातच पुढची कित्येक वर्षे गेली. शेती हा तेव्हा मोठ्या उद्योजकांनी हात घालण्याचा विषय मानला जात नव्हता. वालचंद यांनी मात्र बोगद्याचे काम करावे तशा शिस्तीने शेतीची आखणी केली.

साखर उद्योगाला कलाटणी मिळाली १९३२ मध्ये. तोपर्यंत भारतीय बाजारपेठेत जावाच्या साखरेचे वर्चस्व होते. सरकारने साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला आणि परदेशी साखरेवर जबर आयात कर बसवला. त्याआधी देशात जेमतेम तीस-बत्तीस आधुनिक साखर कारखाने होते. पुढच्या काही वर्षांत त्यांची संख्या शंभरावर गेली. ज्याच्याकडे ऊस तयार होता, त्याला ही संधी सर्वांत आधी साधता येणार होती. रावळगावचा कारखाना १९३३ मध्ये सुरू झाला.

कळंबचे वालचंदनगर कसे झाले?

दुसरा मोठा डाव होता इंदापूर तालुक्यातील कळंब परिसरात. हा भाग अवर्षणाचा. पण नीरा डावा कालवा जवळून जात होता आणि १९२८ मध्ये भाटघरचे मोठे धरण पूर्ण झाल्याने कालव्याच्या पाण्याचा भरवसा वाढला होता. पाणी होते, पण बारमाही उसासाठी लागणारे भांडवल छोट्या शेतकऱ्याकडे नव्हते. मार्सलंड प्राइस या कंपनीमार्फत वालचंद गटाने येथे हजारो एकर जमीन मिळवली. त्यातील बरीच जमीन स्थानिक शेतकऱ्यांकडून दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतलेली होती. तीसच्या दशकात येथे साखर कारखाना उभा राहिला आणि त्याभोवतीच्या वसाहतीला वालचंदनगर हे नाव मिळाले.

कारखान्याच्या भोंग्यावर चालणारे गाव ही त्या काळी या भागात नवी गोष्ट होती. कामगारांसाठी घरे, शाळा, दवाखाना, बाजार अशी सारी मांडणी कंपनीने केली. दुष्काळात गाव सोडणाऱ्या या पट्ट्यात बाहेरून माणसे कामाला येऊ लागली. याची दुसरी बाजूही होती. ज्याची जमीन खंडाने गेली, तो शेतकरी आपल्याच रानात मजूर म्हणून राबताना दिसू लागला.

ऊस ते गोळी : रावळगावचा प्रयोग काय होता?

साखर पोत्याने विकली की भाव बाजार ठरवतो. तीच साखर गोळीच्या रूपात, कागदात गुंडाळून, नाव छापून विकली की भाव ठरवण्याची थोडी मोकळीक मिळते. आजच्या भाषेत याला मूल्यवर्धन म्हणतात. रावळगावने चाळीसच्या दशकात गोळ्या बनवायला सुरुवात केली. शेत, साखर, गोळी आणि नाव अशी चारही टोके एकाच मालकाकडे होती. पुढे ‘पान पसंद’, ‘मँगो मूड’ अशा गोळ्या घराघरांत गेल्या. नाशिक जिल्ह्यातील एका छोट्या गावाचे नाव देशभरातील बरण्यांवर आले.

बाकीच्या उद्योगांतही हेच सूत्र होते का?

बहुतांशी होय. नरोत्तम मोरारजी आदी भागीदारांसह त्यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांकडून ‘लॉयल्टी’ हे जहाज घेतले आणि सिंदिया कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून सिंदियाला बुडवण्याचा प्रयत्न केला. जहाजे विकत घेण्यापेक्षा ती येथेच बांधली पाहिजेत, या हट्टातून १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी झाली. तेथे बांधलेले ‘जलउषा’ १९४८ मध्ये पाण्यात उतरले. १९४० मध्ये बंगळूरुला विमान कारखाना आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स, ही त्याच विचाराची पुढची पावले होती.

पण सगळे आपल्या हाती ठेवण्याला मर्यादा असतात, हेही याच काळात दिसले. युद्धाच्या गरजेपोटी १९४२ मध्ये विमान कारखाना सरकारने ताब्यात घेतला. आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स ती हीच. विशाखापट्टणमची गोदीही पन्नासच्या दशकात सरकारकडे गेली. १९४९ मध्ये वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला, पुढच्या वर्षी त्यांनी कारभारातून अंग काढून घेतले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

जमिनीचे पुढे काय झाले?

ही साखळी सर्वांत आधी तुटली ती जमिनीच्या कडीवर. राज्याच्या १९६१च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खासगी साखर कारखान्यांचे मळे सरकारकडे गेले. ते कसण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. वालचंदनगर आणि रावळगाव हे दोन्ही मळे त्यात आले. कारखाना राहिला, पण त्याचे शेत गेले. ज्यांनी जमीन खंडाने दिली होती त्या खंडकरी शेतकऱ्यांनाही ती लगेच परत मिळाली नाही. त्यासाठी त्यांच्या पुढच्या पिढ्यांना अनेक दशके लढावे लागले, मग कुठे जमीन परत देण्याची प्रक्रिया सुरू झाली.

दरम्यान, साखरेत दुसरे सूत्र रुजले होते. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि ते लोण बारामती-इंदापुरातही पोहोचले. वालचंदनगरजवळच भवानीनगरचा छत्रपती कारखाना उभा राहिला. येथे शेत शेतकऱ्याचे आणि कारखानाही शेतकऱ्यांचाच. वालचंद यांनी कालव्याच्या पाण्यावर मोठ्या प्रमाणात ऊस आणि साखर शक्य आहे हे दाखवले. मालकी कोणाची असावी, याचे उत्तर मात्र सहकाराने वेगळे दिले.

बर्गर साखळ्यांचे गणित वेगळे कसे?

वालचंद हयात असतानाच, १९४८ मध्ये, अमेरिकेत मॅकडोनाल्ड बंधूंनी आपल्या उपाहारगृहाची रचना कारखान्यासारखी केली. मोजकेच पदार्थ, ठरलेली कामे, ठरलेला वेळ. १९५५ पासून रे क्रॉक यांनी हीच पद्धत इतरांना वापरायला देऊन तिचा विस्तार केला. कंपनीने बहुतेक दुकाने स्वतः चालवण्याऐवजी फ्रँचायझीला दिली आणि जागा आपल्या ताब्यात ठेवून त्यांच्याकडून भाडे घेतले. वालचंद गट शेतकऱ्याला जमिनीचा खंड देत होता. बर्गर कंपनी दुकानदाराकडून जागेचे भाडे घेऊ लागली. पैशाची दिशाच उलटली.

भारतातही हेच झाले. पश्चिम आणि दक्षिण भारतातील मॅकडोनाल्ड्सची दुकाने मुंबईची कंपनी चालवते. पाव एकाचा, चीज दुसऱ्याचे, कोशिंबिरीची पाने तिसऱ्याची. मूळ कंपनीकडे राहते ते नाव, कृती आणि दर्जाचे नियम. वडापावच्या साखळ्यांनीही हाच कित्ता गिरवला. २००१ मध्ये मालाडहून सुरू झालेल्या जम्बोकिंगची वाढ फ्रँचायझीवरच झाली. अलीकडे त्यात घरपोच सेवा देणाऱ्या अॅपची भर पडली. ग्राहक कोण, काय आणि किती वाजता मागवतो, ही माहिती आता शेत आणि भट्टीइतकीच मोलाची झाली आहे.

वालचंद यांच्या सूत्राचे आज काय उरले?

फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगावच्या गोळ्यांची नावे, कृती आणि संबंधित हक्क रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने २७ कोटी रुपयांना घेतले. जमीन, इमारती आणि यंत्रे मात्र मूळ कंपनीकडेच राहिली. ज्यांनी माळरानापासून सुरुवात केली त्यांच्या उद्योगात शेवटी विकत घेण्याजोगे ठरले ते गोळीवरचे नाव. बर्गर साखळ्यांनी सुरुवातीपासून जे जपले, तेच.

तरीही वालचंदनगर हे केवळ मागे पडलेल्या सूत्राचे स्मारक नाही. साखर कारखान्याची यंत्रे दुरुस्त करता करता येथे ती बनवण्याचे कौशल्य तयार झाले. पुढे वालचंदनगर इंडस्ट्रीजने साखर आणि सिमेंटच्या कारखान्यांची यंत्रसामग्री उभी केली आणि इस्रोच्या अग्निबाणांची कवचेही बनवली. जमीन कायद्याने गेली, गोळीचे नाव सौद्यात गेले. कामगाराच्या हातातली कारागिरी मात्र गावात टिकली. बारामतीच्या दूध उत्पादकापुढे आणि इंदापूरच्या ऊस उत्पादकापुढे आजचा प्रश्न तोच आहे. माल आपला असला, तरी त्यावरचे नाव कोणाचे?