फळ्यामागचे डबे



अल क्वोजमध्ये आपल्या मुलांना बाबासाहेबांचे बालपण सांगताना आपण बहुधा शाळेतल्या नियमांविषयी बोलतो. वर्गातली बाकीची मुले मात्र नजरेआड राहतात.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूला जन्मलेला भिवा १९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. बसायला घरून आणलेले गोणपाट, तेही कोपऱ्यात. तहान लागली तर नळ शिपायाने उघडायचा. शिपाई नसला तर पाणी नाही. न्हावी शिवत नसे, म्हणून केस थोरली बहीण कापायची. हे सारे मोठ्यांनी ठरवलेले. त्याच शाळेतले आंबेडकर गुरुजी मात्र आपल्या डब्यातली भाजी-भाकरी या मुलाला देत. बाबासाहेब ती चव विसरले नाहीत.

पुढे कुटुंब मुंबईला आले. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये एकदा मास्तरांनी गणित सोडवायला भीमरावांना फळ्यापाशी बोलावले आणि वर्गात एकच गलका झाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. याचा हात फळ्याला लागला तर डबे बाटतील! मुले धावली आणि तो पोहोचायच्या आत त्यांनी डबे बाजूला भिरकावले.

मला या प्रसंगात सलते ते हे की मास्तरांनी तर त्याला पुढे बोलावले होते. मुले आपण होऊन उठली. याला गणित येते का, हे बघायचेही कुणाला सुचले नाही. घरात रोज जे पाहिले, ते त्या वयात हातापायांत भिनले होते.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. तेव्हा सत्कारात कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले. पुढे कोलंबिया, लंडन. १९१७ मध्ये बडोद्याच्या कचेरीत रुजू झाले, तर तिथले लोक त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत. आपण बहुतेक जण ऑफिसात काम करणारे. कल्पना करून पाहा. डबे उचलणारी मुलेच जणू मोठी होऊन त्या खुर्च्यांवर बसली होती.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. त्याचे दार सर्व जातींच्या मुलांना उघडे होते.